खोकल्याची जागा

त्या जागी खोकला आला नाही.

माझे दोन्ही हात पिठात होते. नाताळ चार दिवसांवर आला होता, आणि पार्मात ज्या घरी नाताळला आनोलिनी, सारण भरलेल्या त्या चिमुकल्या करंज्या, होत नाहीत त्या घरात एक तर कुणीतरी गेलेलं असतं किंवा कुणीतरी दक्षिणेकडचं असतं. माझ्या घरात दोन्ही आहे, तरी मी करते. ओट्यावर पिठाची पातळ पोळी लाटून पसरलेली होती, तिच्यावर चीज, पावाचा चुरा आणि मांसाचा आटवलेला रस एकत्र मळून केलेल्या सारणाच्या बारीक गोळ्या ओळीनं मांडलेल्या होत्या, आणि खिडकीपाशी मिरेल्लानं आणून दिलेलं नवं यंत्र गात होतं. मिरेल्ला माझी मुलगी, मोदेनाला असते. संगीतनाटकांतला मोठा गायक फुल्व्हियो रॉन्कारा गेल्या वर्षी वारला, तेव्हापासून त्याच्या गाजलेल्या गाण्यांची ही सीडी गावात सगळीकडे वाजते. भाजीवाल्याकडे वाजते, दातांच्या डॉक्टरकडे वाजते, तोंडात हत्यारं असताना माणसाला रडूही येत नाही. मिरेल्लानं ती मला वाढदिवसाला दिली. म्हणाली, "आई, तुझी ती जुनी रेकॉर्ड आता नुसती खरखरते. ह्यात सगळं स्वच्छ केलंय." स्वच्छ हा शब्द मी त्या वेळी नीट ऐकला नाही. सातवं गाणं आमचं. तिसऱ्या अंकात नायक आईचा निरोप घेतो तेव्हाचं. 'आई' असं दोनदा म्हणून तो थांबतो, सगळी वाद्यंही थांबतात, आणि एक-दीड श्वासाइतकी जागा रिकामी राहते. त्या जागेत माझा नवरा खोकतो. तेहतीस वर्षं तो तिथं खोकत आला आहे.

मी पिठाच्या बोटांनीच बटण दाबून गाणं मागे नेलं. आई, आई, मग शांतता, आणि मग रॉन्कारा पुढच्या ओळीवर चढला. पुन्हा मागे नेलं. पुन्हा तेच. वेष्टन उलटून बघितलं, चष्मा लावून बघितलं. पार्मा, फेब्रुवारी १९७२, असं लिहिलेलं होतं. म्हणजे तोच प्रयोग, तोच रविवार. कुणीतरी कुठल्यातरी बंद खोलीत बसून, कानाला भोंगे लावून, माझ्या नवऱ्याला तिथून पुसून काढलं होतं, ओट्यावरचा डाग पुसावा तसं. त्या माणसाचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलं असणार की घाण काढ. माझ्या नवऱ्याचे, नेल्लोचे, फोटो माझ्याकडे बरेच आहेत, सैन्यातले आहेत, लग्नातले आहेत, नदीत पाय सोडून बसलेला एक आहे. आवाज मात्र कुठंच नाही. आम्ही काचकारखान्यातली माणसं, आमचा आवाज कोण धरून ठेवणार. मिरेल्ला पाच वर्षांची होती तो गेला तेव्हा, तिला त्याचा आवाज आठवतच नाही. लहानपणी ती रेकॉर्डसमोर मांडी घालून बसायची आणि ती जागा आली की बोट वर करून म्हणायची, "पापा." पुढं मीच त्या रेकॉर्डची वाट लावली. सुई नेमकी त्या जागी टेकवायला शिकले होते मी. दिवसातून कितीदा टेकवली, कोण सांगणार. शेवटी ती जागाच झिजली, नुसती घासल्यासारखी खरखर उरली, आणि त्या खरखरीतून मी खोकला ओळखून काढायची, जुन्या शेजारणीला पाठमोरं ओळखावं तसं.

त्या रविवारी आम्ही तिघं सकाळपासून रांगेत होतो. दुपारचा प्रयोग होता. सगळ्यात वरच्या गॅलरीची तिकिटं, लाकडी बाकं, गुडघे पुढच्याच्या पाठीत. तिथं बसणारी माणसं खालच्या मखमलीवाल्यांपेक्षा कडक असतात. खालचे टाळ्या वाजवतात, वरचे परीक्षा घेतात. एक सूर घसरला तर मोठमोठ्या गायकांना ह्याच बाकांवरून शिट्ट्या बसल्या आहेत, आणि त्या दुसऱ्या दिवशी शिंप्याच्या, खाटकाच्या दुकानात पुन्हा वाजवून दाखवल्या गेल्या आहेत. इनेस, माझी नणंद, तिथली जुनी. नेल्लोपेक्षा सात वर्षांनी मोठी, बिनलग्नाची, कपडे शिवायची, आणि अख्खी संगीतनाटकं तिला तोंडपाठ. मधे कुणी कागद वाजवला, कुजबुजलं, तर ती मान न वळवता असं काही "श्श्त" करायची की माणूस पुढच्या वर्षीच्या प्रयोगापर्यंत गप्प. त्या दिवशी ती नेल्लोच्या डावीकडे होती, मी उजवीकडे. मी पार्मात आल्याला सहा वर्षं झाली होती, तरी त्या गॅलरीत मला घाम फुटायचा. आपण कुठं टाळी द्यायची, कुठं नाही, हे मला कळायचं नाही, म्हणून मी इनेसच्या हातांकडे बघून हात हलवायची.

मी खालची, म्हणजे दक्षिणेकडची. ब्रिंदिसीजवळच्या गावातली, समुद्राकडची. इथं टोमॅटोच्या हंगामात डबे भरायला आले आणि नेल्लोनं मला ठेवून घेतलं. सासू मी ऐकत असतानाच म्हणायची, "खालची आहे, पण हात स्वच्छ आहेत." पार्माच्या माणसांना 'स' येत नाही. त्यांना वाटतं येतो. जीभ मागं ओढून म्हणतात आणि तो बाहेर पडताना 'श' होतो. माझं नाव सांतिना, पण ह्या गावात मी पाय ठेवल्यापासून शांतिना आहे. नेल्लो प्रेमात असतानाही शांतिनाच म्हणायचा, रागातही तेच. आणि मी नणंदेला इनेस म्हटलं की सासू हसून लोळायची, म्हणायची, "आमच्या इनेशचं नाव ही पोरगी सुई टोचल्यासारखं घेते." मी पुष्कळ प्रयत्न केला. भांडी घासताना जीभ मागं ओढून बघायची. जमलं नाही. दुकानात पाव मागितला की समोरची बाई माझ्या तोंडाकडे बघायची आणि मला माझे दात, माझी जीभ, माझं सगळं गाव तिथं त्या काउंटरवर मांडल्यासारखं वाटायचं. म्हणून मी बाहेर कमीच बोलायची. चार लोकांत आपल्याकडे कुणाची मान वळू नये, एवढंच माझं त्या वर्षांतलं मागणं होतं.

नेल्लोला त्या हिवाळ्यात खोकला होता. कारखान्यात भट्टीपाशी काम, सगळेच खोकायचे. पहिले दोन अंक त्यानं तो गिळला. तिसऱ्यात रॉन्कारानं आईला हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, आणि अख्खं थिएटर श्वास धरून बसलं, तेव्हा माझ्या शेजारी नेल्लोच्या छातीतून तो वर येताना मला त्याच्या खांद्यातून कळलं. मग तो खोकला. कोरडा, मोठा, लाकडावर आपटलेला. आणि लगेच ते दटावणं. मला आठवतं ते असं की चारशे माना वळल्या, आणि मी त्याला धीर द्यायला त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो पुढं संपेपर्यंत खोकला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्याच्या, आणि पुढच्या बाकावरच्या बाईला वाटलं की गाणं भिडलं.

पुढच्या वर्षी त्याच प्रयोगाची रेकॉर्ड निघाली आणि ती ऐकताच गावानं त्याला ओळखलं. बारमध्ये त्याची फजिती करत. रॉन्काराची ती जागा नेल्लोनं घेतली म्हणत. एक जण म्हणाला होता, "भाऊ खोकतो, बहीण दटावते, रॉन्कारा कशाला हवा, तुमच्याच घरची गाण्याची पार्टी आहे की." नेल्लो हसायचा आणि सगळ्यांना वाईन पाजायचा. इनेसनंही कधी नाकारलं नाही. पण घरी तो बदलला. चार माणसांत खोकायचं त्यानं सोडलं. मधेच उठून बाहेर सज्जात जायचा, न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचा. मी दाराबाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकायची आणि मला बरं वाटायचं, की चला, खोकला कमी झाला. हे मी आज लिहिते आहे तेव्हा माझी मलाच लाज वाटते. तो पाण्याखाली खोकत होता. डॉक्टरकडे गेला तेव्हा डॉक्टरनं विचारलं म्हणे, एवढा काळ काय केलंत. पंच्याहत्तरच्या मे महिन्यात तो गेला, एकेचाळीस वर्षांचा. शेवटच्या आठवड्यातही खोकताना उशी तोंडावर ओढायचा. दवाखान्यात कोण ऐकणार होतं?

मातीहून परतल्यावर सासूच्या स्वयंपाकघरात सगळे सूप पीत बसले होते. मी इनेससमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले की तू त्याला गप्प केलंस, तुझ्या त्या एका दटावण्यानं त्याला खोकल्याची लाज वाटायला लागली, नाही तर तो वर्षभर आधी डॉक्टरकडे गेला असता. सगळे थांबले. इनेसच्या हातात चमचा होता. तिनं तो वाटीत ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि काही म्हणजे काही बोलली नाही. त्या न बोलण्यानं माझी खात्री पटली. त्या दिवसापासून आमचं बोलणं तुटलं. एकतीस वर्षं झाली. आमच्या घरांत पाच गल्ल्या आहेत. बेकरीत एका रांगेत उभ्या राहायचो आम्ही, ती तिचा पाव घेऊन जायची, मी माझा. सासू गेली तेव्हा शवपेटीच्या दोन बाजूंना उभ्या होतो. मिरेल्लाच्या लग्नाला तिनं हातानं भरलेली चादर पाठवली, ती मी घडीसुद्धा मोडू दिली नाही. माझ्या अंगात त्या रागाचं एक बळ होतं. मिरेल्लाला वाढवलं त्या बळावर, दोन दोन पाळ्या केल्या. रात्री झोप आली नाही की मी मनातल्या मनात इनेसशी भांडायची, आणि भांडून झालं की झोप लागायची.

ओट्यावरची पोळी सुकायला लागली होती. मी आवाज पूर्ण वाढवला आणि कान यंत्राला लावला. आई. आई. मग ती जागा. आता तिच्यात मला थिएटरची हवा ऐकू येत होती, कुठंतरी बाक कुरकुरलं होतं तेही आलं. आणि जागा संपता संपता, रॉन्कारानं पुढचा सूर उचलायच्या अगदी आधी, एक बारीक फुंकर. दटावणं. खोकला काढताना त्या माणसाच्या हातून ते सुटलं होतं. खोकल्याच्या शेपटाला ते चिकटलेलं होतं, म्हणून जुन्या रेकॉर्डवर ते वेगळं कधी ऐकूच आलं नव्हतं, सगळं एकच घासणं होतं. आता समोर कुणीच नव्हतं आणि ते एकटंच दटावत होतं. मी हात धुतले की नाही, आठवत नाही. एवढं आठवतं की डोकं तडकलं. माझ्या माणसाला काढलं आणि हिला ठेवलं. सीडी वेष्टनात घातली, एप्रनवरच कोट चढवला आणि निघाले. बाहेर धुकं होतं, ह्या गावात डिसेंबरात धुक्याशिवाय असतं काय. पाच गल्ल्या मी बोलत बोलत गेले. तिला काय काय सुनवायचं ते एकतीस वर्षं तयार होतं, फक्त क्रम लावायचा होता.

तिसऱ्या मजल्यावर तिनं दार उघडलं. लहान झाली होती. बेकरीत कोटात दिसायची, घरात नुसत्या लोकरी झग्यात ती पोरीएवढी होती. ऐंशीला आली असेल. डोळे पांढरट. मी काही म्हणायच्या आत तिनं हवेत नाक उचललं आणि म्हणाली, "पीठ. आनोलिनी अर्ध्या टाकून आलीस?" आणि दारातून बाजूला झाली. मी आत गेले. तिच्या शिवणाच्या टेबलावर, मशीनशेजारी, माझ्या घरच्यासारखंच यंत्र होतं. मी सीडी आत सारली, सातवर नेली, आवाज वाढवला.

"ऐक," मी म्हणाले. "त्याला पुसून टाकलंय. तुला ठेवलंय."

तिनं उभ्यानंच ऐकलं. एक हात मशीनच्या चाकावर. ती जागा आली आणि गेली. तिचा चेहरा हलला नाही. मला वाटलं ऐकू आलं नाही हिला. तेवढ्यात ती म्हणाली, "पुन्हा." मी पुन्हा लावलं. "डोळे गेले, कान आहेत अजून," ती म्हणाली. "पुन्हा लाव, आणि ह्या खेपेला तू ऐक."

मी ऐकलं. म्हणाले, ऐकलं की, चांगलं ऐकलं, आता काय.

"माझं नाव घे," ती म्हणाली.

मला वाटलं म्हातारी भ्रमिष्ट झाली. "इनेस," मी म्हणाले.

"आता मी तुझं घेते. शांतिना." ती थांबली. "आता लाव."

आई. आई. जागा. बाक कुरकुरलं. स्स्त. स्वच्छ, पातळ, सुई टोचल्यासारखं. दातांमागं जीभ टेकवून काढलेलं. त्या गॅलरीत चारशे माणसं होती आणि त्यांतल्या तीनशे नव्व्याण्णवांना ते काढता आलं नसतं.

मी खुर्चीवर बसले असणार, कारण नंतर मी खुर्चीवर होते. गाणं पुढं चालू होतं, रॉन्कारा आईला सांगत होता की दिवा लावून ठेव. माझ्या उजव्या हाताला नेल्लोचा गुडघा लागला. खरंच लागला, विजारीच्या जाड कापडासकट, आणि त्या गुडघ्यावर माझा हात काय करत होता तेही मला कळलं. धीर देत नव्हता तो. दाबत होता. बोटं रुतवून दाबत होता. चारशे माना वळणार होत्या, आणि त्यांनी खोकणाऱ्याच्या शेजारी खालची बाई बघितली असती. मी माझ्या नवऱ्याचा गुडघा दाबला आणि दातांतून त्याला गप्प केलं, आणि तो मरेपर्यंत गप्प राहिला.

"तुला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"त्याच क्षणापासून. मी काय कान घरी ठेवून आले होते?"

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? सगळ्यांसमोर मी तुला..."

"बोलून तो परत खोकणार होता?" तिनं मशीनच्या चाकावरून हात फिरवला. ते रिकामंच फिरलं. "तेहतीस वर्षांची होतीस. पोरगी लहान. माझ्यावर रागावून तू अशी ताठ चालायचीस बेकरीत. मी बघायची. म्हटलं, चालू दे."

मला जे विचारायचं होतं ते विचारायला जीभ उचलत नव्हती. नेल्लोला कळलं होतं का, एवढंच मला हवं होतं. तो बारमध्ये हसला होता, बहिणीनं दटावलं म्हणून लोकांनी चिडवलं तेव्हा त्यानं वाईन पाजली होती. त्याला तसंच वाटत असेल, ही एक फट माझ्यासाठी उघडी होती. शेवटी विचारलं.

इनेसनं मलाच विचारलं, अगदी हळू, "त्याच्या गुडघ्यावर हात कुणाचा होता, शांतिना?"

बाहेर जिन्यात कुणीतरी नाताळच्या झाडाची फांदी ओढत वर नेत होतं, तिची सुयांसारखी पानं गळण्याचा आवाज येत होता. म्हणजे त्याला माहीत होतं. तीन वर्षं माझ्याशेजारी झोपला, नळ सोडून खोकला, आणि बारमध्ये सगळा दोष बहिणीच्या नावावर जाऊ दिला, कारण ती इथली होती, तिला पेलला असता. मला नसता पेलला. दोघं भावंडं मिळून मला सांभाळत आली, एक जमिनीखालून आणि एक पाच गल्ल्यांवरून, आणि मी त्यांच्यावर रागावून ताठ चालत होते. मला रडायला यायला हवं होतं. आलं नाही. मला फक्त त्याचा आवाज हवा होता, आणि तो जिथं होता तिथं आता मीच होते, एकटी, हुबेहूब, कधीही न झिजणारी. ही सीडी म्हणे शंभर वर्षं टिकते. भाजीवाल्याकडे, डॉक्टरकडे, मोदेनाला मिरेल्लाच्या घरी मी त्याला दटावत राहणार आहे.

"एकदा अजून लाव," इनेस म्हणाली. "मग घरी जा, पोळी वाळली असेल तुझी. पाण्याचा हात लाव तिला."

मी लावलं. रॉन्कारानं पहिली हाक मारली. इनेसनं खिशातून रुमाल काढून तोंडाशी धरला आणि तिचे खांदे आखडले. मला वाटलं रडते आहे. दुसरी हाक झाली, वाद्यं थांबली, आणि त्या रिकाम्या जागेत ती खोकली. कोरडा, मोठा, लाकडावर आपटलेला. एका आईच्या पोटची, एकाच घडणीची छाती. नेल्लो त्या खोलीत होता.

आणि माझी जीभ उठली. आपोआप उठली, दातांमागं जाऊन टेकली, वारा सोडायला तयार. मी तिथंच तिला पकडलं. दोन्ही ओठ आत घेऊन दातांनी धरले, तोंडात रक्ताची चव आली तरी सोडले नाहीत. यंत्रातली मी दटावून मोकळी झाली. टेबलाजवळची मी गप्प राहिले. इनेसनं माझ्या तोंडाकडे बघितलं, तिला किती दिसलं देव जाणे, आणि मग तिनं रुमाल खाली ठेवला आणि पोटातून, जोरात, हवा तेवढा वेळ खोकत राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. पुढचं गाणं आम्हाला काही ऐकू आलं नाही.